मागचे दोन ब्रॅकेट

नोव्हाय, मिशिगन
सोमवार, ६ ऑक्टोबर २००३

काका,

परवा फोनवर तुम्ही जे सांगितलंत ते मी असं समजले:

१. शनिवारी सकाळी सव्वासातला तुम्ही विमान हँगरमधून बाहेर काढलंत. काकू बरोबर होत्या.
२. हवा २२ अंश होती. वारा नव्हता.
३. उडायचं नाही, धावपट्टीवर जमिनीवरूनच तीन फेऱ्या मारायच्या, असं ठरलं होतं.
४. तिसऱ्या फेरीत पाण्याच्या तापमानाचा काटा ‘जरा वर’ गेला.
५. इंजिन बंद केल्यावर जादा पाण्याच्या बाटलीतून ‘पेलाभर’ गरम पाणी खाली सांडलं.
६. काकू घरी चला म्हणाल्या. तुम्ही चौथी फेरी मारलीत.
७. संध्याकाळी मला फोन करून म्हणालात, काही विशेष नाही.

‘जरा’ म्हणजे किती अंश आणि पेला कोणता, हे मला हवं आहे. फोनवर तुम्ही आकडे गोल करता, म्हणून पत्र लिहिते आहे. ईमेल केली असती, पण रोमन अक्षरांतलं मराठी वाचून तुमचं डोकं दुखतं.

आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे नक्की व्हावं, म्हणून पुन्हा लिहिते. विमानाची नेहमीची इंजिनं वाऱ्यानेच थंड होतात. तुम्ही जुन्या गाडीचं इंजिन बसवलंत. त्याला पाणी लागतं, पाण्याला रेडिएटर लागतो आणि रेडिएटरला जागा लागते. ती आपण विमानाच्या पोटाखाली एका पेटीत काढली. पुढे हवा आत घ्यायला तोंड, मध्ये चार ब्रॅकेटांवर तिरका टांगलेला रेडिएटर, आणि मागे हवा बाहेर जायला फट. ड्रॉइंग माझं आहे. रेडिएटर किती मोठा हवा, हे गणितही माझं आहे. ऑफिसात मी गाड्यांचे रेडिएटर करते, पण तिथे माझं काम तपासायला वर दोन माणसं असतात. इथे कोणी नाही.

पाणी उकळलं की इंजिन जाम होतं. जमिनीवर झालं तर तुम्ही आणि काकू विमान ढकलत हँगरमध्ये न्याल. दोनशे फुटांवर झालं तर समोर जे असेल तिथे उतरावं लागेल. तुमच्या धावपट्टीसमोर कालवा आहे आणि कालव्यापलीकडे विजेच्या तारा आहेत. मी नकाशा पाहिला.

सोबत कोरा तक्ता जोडला आहे. प्रत्येक फेरीचं तापमान त्यात लिहा.

तुम्ही विमान बांधायला घेतलंत तेव्हाच मी सांगितलं होतं की मी त्यात बसणार नाही. ते अजून तसंच आहे. पण तुम्ही बसणार आहात.

हिमानी


चँडलर, ॲरिझोना
११ ऑक्टोबर

हिमानी,

तुझं पत्र तुझ्या काकूने मोठ्याने वाचलं. सहावा मुद्दा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

तक्ता भरून पाठवतो आहे. पहिली फेरी ८५, दुसरी ९०, तिसरी ९५, चौथी ९५. म्हणजे बघ, चौथीत वाढलंसुद्धा नाही. पेला आपला स्टीलचा, पाण्याचा. तोही पुरता भरला नसता. तुझ्या रेडिएटरला काही झालेलं नाही. तो अगदी उत्तम आहे, असं मी तुला लेखी देतो.

शेजारच्या हँगरमध्ये वॉल्ट नावाचा म्हातारा आहे. वयाच्या सतराव्या वर्षापासून विमानं उडवतो, कोणाचं कौतुक म्हणून करत नाही. त्याने खाली वाकून तुझं काम पाहिलं आणि विचारलं, हे कोणी काढलं? मी म्हणालो, माझी पुतणी, मिशिगनला असते. तो बराच वेळ खालीच वाकून होता. मग म्हणाला की तिला सांग, माझ्या ट्रकमध्येही बघ म्हणावं. त्याच्याकडून याहून जास्त मिळत नाही. विमान आता दिसायलाही छान झालंय, सडपातळ.

परवा टुसॉनच्या रस्त्याने गेलो होतो. तू इथे शिकायला आलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात आपली जुनी गाडी तिथेच तापली होती, आठवतं का? मी खिडक्या उघडून हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घेतली. बाहेर त्रेचाळीस अंश. तुला दर दहा मिनिटांनी काटा मोठ्याने वाचायला लावला होता. तू नागपूरहून येऊन आठ दिवस झाले होते. एकदाही थांबवा म्हणाली नाहीस, फक्त आकडे वाचत राहिलीस. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस ते वेगळं.

ऋषीचा रेडमंडहून फोन होता. ‘डॅड, जस्ट बाय अ रिअल एअरप्लेन इंजिन,’ एवढंच. मी म्हणालो, माझ्या विमानाचं अर्धं डोकं नोव्हायला बसलंय, ते कुठे विकत मिळतं?

वजनाचा तक्ताही जोडतो, तोही तपास. दुसऱ्या सीटवर तुझी काकू ५५ किलो धरली आहे. हसू नकोस, तिनेच सांगितलेला आकडा आहे.

मोरेश्वर काका


नोव्हाय
१६ ऑक्टोबर

काका,

तक्ते मिळाले.

तुमचे चारही आकडे पाचच्या पाढ्यातले आहेत. मोजमाप सहसा असं येत नाही. पण गेज लहान आहे, त्यावर पाच-पाचच्याच खुणा असतील आणि तुम्ही जवळची खूण लिहिली असेल, असं मी धरते.

तरी एक गोष्ट जुळत नाही. ९५ अंशाला पाणी बाटलीतून सांडायला नको. म्हणजे एक तर तापमान मोजणारा सेन्सर कमी दाखवतो आहे, किंवा हवा रेडिएटरमधून जायला हवी तशी जात नाही. दोन्ही घरच्या घरी तपासता येतं.

सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा. तुमच्या गावच्या उंचीवर पाणी ९९ च्या किंचित खाली उकळतं. गेजने तेवढंच दाखवायला हवं.

हवेसाठी लोकर लागेल. काकूंकडे असेल. बोटभर लांबीचे तुकडे करून हवेच्या तोंडाच्या कडेला आणि मागच्या फटीवर चिकटपट्टीने लावा. दोन तुकड्यांत बरोबर पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. विमान मागून खांबाला बांधा, चाकांना अडण्या लावा, इंजिनाचा वेग वाढवा आणि काकूंना लांबून, बाजूने फोटो काढायला सांगा. हवा आत जात असेल तर पुढची लोकर आत वळलेली दिसेल आणि मागची सरळ मागे ताठ होईल. फोटो मला पाठवा.

वॉल्ट यांना म्हणावं, ट्रकचं मॉडेल आणि साल कळवा.

टुसॉनच्या वेळी मी दोन दिवस बोलले नाही असं नाही. एक दिवस. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता.

हिमानी


चँडलर
२० ऑक्टोबर

हिमानी,

सेन्सर पास. दुधाच्या पातेल्यात उकळला, अठ्ठ्याण्णवच्या वर आणि नव्व्याण्णवच्या खाली. पातेलं मात्र नापास झालं. तुझी काकू म्हणते, त्यात आता दूध तापवणार नाही, नवीन आणा. ते हँगरमध्ये न्यायचं आणि लोखंडी सामानासाठी ठेवायचं असं ठरलं आहे.

लोकरही लावली. काकूने पिवळी दिली, ऋषीच्या लहानपणीच्या स्वेटरची उरलेली. छान उडाली. फोटो काढलेत, पण रोलमध्ये अजून सहा शिल्लक आहेत. दिवाळीचे काढून झाले की धुवायला टाकतो.

पहिल्या उड्डाणाची तारीख ठरवली: शनिवार, ८ नोव्हेंबर. वॉल्ट त्याच्या विमानातून मागे राहील, रेडिओवर बोलत. मी एकटाच. धावपट्टीभोवती दोन चकरा आणि खाली. वर गेलं की वारा भरपूर मिळतो, जमिनीवरचे हे बारीकसारीक प्रश्न तिथे उरत नाहीत.

एक सहज विचारतो. नाकाखाली अजून एक छोटा रेडिएटर बसवला तर? तुझ्या रेडिएटरशी याचा काही संबंध नाही. तुझा आहे तो पुरेसाच आहे. हाताशी पडून आहे, म्हणून आपलं.

फराळाचं पार्सल उद्या निघेल. चिवडा यंदा तिखट आहे.

मोरेश्वर काका


[चिवड्याच्या डब्यात, खाली, प्लास्टिकच्या पिशवीत]

मंगळवार

हिमानी बाळा,

पार्सल टाकायला हे पोस्टात जातात, म्हणून कागद चिवड्याखाली ठेवते आहे. तेल लागलं असेल तर पुसून वाच. तू चिवडा आधी संपवतेस हे मला माहीत आहे, त्यामुळे दोन दिवसांत मिळेलच.

यांनी तुला पाठवलेले आकडे खरे नाहीत. जमिनीवर असेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसते. लांबचा चष्मा लावला की त्यांना काटा दिसत नाही आणि जवळचा लावला की धावपट्टी दिसत नाही. म्हणून काटा मी वाचते आणि मीच लिहून ठेवते, वाणसामानाच्या यादीच्या मागे. पहिली फेरी ९३, दुसरी १०२, तिसरी १०९, चौथी ११६. मी घरी चला म्हणाले ते उगीच नव्हे. पाणी पेलाभर नव्हतं, निम्मी बादली होतं.

तुझा तक्ता समोर घेऊन हे टेबलाशी बसले आणि ८५ लिहिलं. मी म्हणाले, अहो हे काय करताय? तर म्हणाले, “शैलजा, पोरीचं हे पहिलं स्वतःचं काम आहे. रेडिएटर लहान पडलाय हे तिला कळलं, तर ती आयुष्यात पुन्हा कोणाला काही काढून देणार नाही. मी दुसरा बसवून घेईन, तिला कळणारसुद्धा नाही.”

मला त्यातलं काही समजत नाही. तुझं गणित चुकलं का हे मला विचारू नकोस. पण ११६ आणि ९५ यांतला फरक मला समजतो. ते आठ तारखेला वर जायचं म्हणतात. मी अडवलं तर ऐकणार नाहीत. तू अडवलंस तर ऐकतील.

लोकरीचे फोटो मी काल दुकानातून तासाभरात धुवून आणले. रोल संपवायला उरलेले सहा मी आमच्या लिंबाच्या झाडाचे काढले. विमानाचे तीन सोबत ठेवते. लोकर छान उडाली असं हे म्हणतात. मला तर ती माझ्या केसांसारखी वाटली, इकडे तिकडे.

एक आठवलं म्हणून लिहिते, कामाचं असेल नसेल. ऑगस्टमध्ये तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे खालची पेटी पहिल्यांदा बसवली, तेव्हा मी मागून बघून म्हणाले, विमानालाही तुमच्यासारखं पोट सुटलंय. यांनी ते वॉल्टला इंग्रजीतून सांगितलं आणि तो इतका हसला की खाली बसला. चार दिवसांनी गेले तर पोट नाहीसं. मी म्हणाले, एवढ्या लवकर कसं उतरवलंत, मलाही सांगा. तर म्हणाले, काही नाही, मागचे दोन ब्रॅकेट वर घेतले. मला बरं वाटलं होतं. तेहेतीस वर्षांत माझ्या बोलण्यावरून त्यांनी साधा सोफा हलवलेला नाही.

हे मी लिहिलं असं त्यांना सांगायचं तर सांग. मी बघून घेईन. आणि माझं खरं वजन ६८ आहे. ते गणितात लागतं असं आत्ता कळलं.

तुझी काकू


नोव्हाय
बुधवार, २९ ऑक्टोबर

काका आणि काकू,

पार्सल सोमवारी मिळालं. एकही चकली मोडली नव्हती.

काल सकाळी मी फोन करून एवढंच म्हणाले की माझं पत्र येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. काका, तुम्ही ‘का’ विचारलं नाहीत. ‘बरं’ म्हणालात आणि फोन काकूंकडे दिलात.

काकूंनी मला पत्र लिहिलं आहे. त्यात खरे आकडे आहेत, आणि फोटो आहेत. मी त्यांचं नाव लपवत नाही, त्यांनी तशी परवानगी दिली आहे.

फोटोत लोकरीचे तुकडे पाच-पाच सेंटिमीटरवर आहेत, म्हणून त्यावरून बाकीची लांबी काढता आली. तीन फोटोंवरून तीनदा काढली. मागची फट माझ्या ड्रॉइंगमध्ये ९५ मिलिमीटर उंच आहे. तुमच्या विमानात ती ३५ आहे.

तुम्ही मागचे ब्रॅकेट साठ मिलिमीटर वर घेतलेत, आणि रेडिएटर जवळजवळ आडवा झाला. खालून पोट गेलं, पण रेडिएटरच्या वरची जागाही गेली. हवा त्याच जागेतून मागे जाते. आता ती तोंडाशी येते, आत जायला वाव नाही म्हणून थांबते आणि बाजूंनी निघून जाते. म्हणून पुढची लोकर आत वळायच्या ऐवजी बाहेर वळली आहे, आणि मागची लोंबते आहे. वर गेल्यावर वारा भरपूर असेल हे खरं आहे. तोही बाजूंनीच जाईल. नाकाखाली दुसरा रेडिएटर बसवू नका.

रेडिएटर लहान नाही. मी गणित पुन्हा केलं. मग ऑफिसात वरच्या दोघांपैकी एकाला जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि परत दिलं.

हे लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत त्याबद्दल लिहायला हवं. माझं चुकलं असं तुम्हाला वाटलं. तुम्ही मला तसं सांगितलं नाहीत. माझं चुकलेलं आहे असं धरून, मला कळू न देता, तुम्ही त्यात बसून वर जाणार होतात. मी सोमवारी हे तीन वेळा वाचलं. माझं चुकलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. दोन-चार दिवस वाटलं असतं. तुम्हाला काही झालं असतं तर किती दिवस, हे मला मोजता येत नाही, आणि मी प्रयत्नही केलेला नाही.

मीही एक लपवलं आहे. ८५, ९०, ९५, ९५ वाचल्याबरोबर मला कळलं होतं की हे आकडे बनवलेले आहेत. गेजवर दोन-दोन अंशांच्या खुणा आहेत. ते गेज मीच निवडलं होतं. तरी मी पाचच्या खुणा असतील असं लिहिलं, कारण ९५ वाचून मला बरं वाटलं होतं. माझा रेडिएटर बरोबर निघाला होता. म्हणून मी विचारलं नाही. तुमच्या खोट्या आकड्यांवर आपण दोघांनी सही केली.

आता काम. मागचे दोन्ही ब्रॅकेट ड्रॉइंगमधल्या मूळ भोकांवर आणा. बोल्ट आवळताना रबरी वॉशर चेपू नका, रेडिएटर हलका तरंगला पाहिजे, नाहीतर थरथरून त्याच्या नळ्या तडकतात. कडेच्या फटींत फोम भरा, हवेला रेडिएटर सोडून दुसरी वाट ठेवायची नाही. खालची पेटी पुन्हा मूळ आकाराची करा. पोट दिसेल. काकू, तुम्ही त्याला काही बोलायचं नाही. काकांना बोला.

मग पुन्हा चार फेऱ्या, जमिनीवरूनच. काटा काकू वाचतील, मोठ्याने, आणि त्याच लिहितील. काका, तुम्ही हात लावायचा नाही, टुसॉनच्या रस्त्यावर लावला नव्हता तसा. माझ्या अंदाजाने चौथ्या फेरीला ९१ ते ९४ यायला हवं. १०० च्या वर गेलं तर त्याच क्षणी बंद करा आणि आठ तारीख विसरा. तेव्हा चूक माझी असेल आणि मला ती कळली पाहिजे.

वजनाचा तक्ता तपासला. काकूंचा खरा आकडा मला कळला आहे. इथे लिहीत नाही. तो धरून गणित केलं, चालतं.

नियमाप्रमाणे पहिले चाळीस तास तुम्हाला एकट्यानेच उडवायचं आहे. ते मार्चपर्यंत होतील. काकू त्यानंतरही बसणार नाहीत असं त्या मला दिवाळीच्या फोनवर म्हणाल्या, त्यांना जमिनीवरच बरं वाटतं. तेव्हा दुसऱ्या सीटवर ५३ किलो धरून तोल पुन्हा काढा. विमान नाकाकडे झुकत नाही ना, ते मला पाहायचं आहे. ५३ माझं वजन आहे, बूट धरून.

काकूंच्या हातचे चार आकडे आणि ५३ किलोचा हिशेब, दोन्ही मला शुक्रवार, ७ नोव्हेंबरपर्यंत मिळतील असं पाठवा.

हिमानी